झटका मशीन, डीपी आणि उद्याचे विज्ञानशिक्षक

ऊर्जानगरच्या औष्णिक केंद्रातून निघालेले इलेक्ट्रॉन तारांतून धावत ताडोबालगतच्या मोहर्लीच्या बल्बपर्यंत पोचतात, असं बी.एड.ला आलेला भौतिकशास्त्राचा पदवीधरही बिनदिक्कत सांगतो. हे चित्र गावच्या डीपीपाशीच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशीच मोडतं. तिच्यातल्या दोन कॉइल तारेनं एकमेकींना जोडलेल्या नसतात. अलीकडे येते ती ऊर्जा, चुंबकीय क्षेत्रामार्फत. घरच्या तारेतले इलेक्ट्रॉन सेकंदाला 50 वेळा जागच्या जागी मागेपुढे होतात, तेही केसाच्या जाडीहून कमी अंतरात.

‘बल्ब करंट खातो’ हा समज तर आणखी चिवट. बल्बच्या आधी आणि नंतर अ‍ॅमीटर लावा, आकडा तोच येतो. खर्च होते ती ऊर्जा.

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात मात्र खरा धडा शेताच्या बांधावर आहे. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेत काही हजार व्होल्ट असतात. मग घरच्या 230 व्होल्टपेक्षा ती जास्त जीवघेणी, हा तर्क सरळ वाटतो आणि चुकतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा कुंपणाचा एक झटका फार तर 10 मिलिसेकंदांचा, 5 ज्यूलपर्यंतचा, आणि दोन झटक्यांत किमान एका सेकंदाची उसंत. तेवढ्यात जनावर मागे सरतं. घरची लाइन थेट कुंपणाला जोडली, तर उसंतही नाही आणि प्रवाहाला तसा आवरही नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत अशा तारांनी वाघ मेले आहेत, माणसंही. नुसता व्होल्टचा आकडा पुरत नाही. शरीरातून किती प्रवाह किती वेळ गेला, ते पाहावं लागतं.

हे शिकवायला ब्लेंडेड लर्निंग, म्हणजे वर्गातल्या आणि पडद्यावरच्या शिकण्याची सांगड, चांगलं, पण त्याचा अर्थ ग्रुपवर व्हिडिओ टाकून मोकळं होणं असा घेतला जातो. त्यापेक्षा आधी अंदाज वहीत लिहून घ्यावा, मग सेल-बल्ब हातात द्यावेत, मग पडद्यावर डोळ्यांना न दिसणारे प्रभार दाखवावेत आणि शेवटी वर्गात भांडू द्यावं. कुंपणाच्या तारेवर प्रयोग अर्थातच नाही.

सिम्युलेशन म्हणजे प्रयोगाची गरीब नक्कल, हेही खरं नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 2005 सालच्या अभ्यासात सिम्युलेशनवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष सर्किट जोडण्यातही खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांना मागे टाकलं. त्याच विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स मोफत आहेत. एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. त्यामुळे जंगलात रेंज नाही ही सबब इथे चालत नाही.