आगगाडीच्या टपावरचे दशक

१९३६ साली पुण्याच्या ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ मुंबईत झळकला आणि एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ मुक्काम करून राहिला, ही हकीकत आपल्या सुशिक्षित वाचकास मुखोद्गत असते. परंतु त्याच वर्षी परळच्या वाडिया मूव्हीटोनमधून बाहेर पडलेल्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये एक सोनेरी केसांची तरुणी धावत्या आगगाडीच्या टपावर गुंडांशी झुंजत होती, याची दखल आमच्या चित्रपटविषयक लेखनाने क्वचितच घेतली. भक्तिपटास देव्हारा आणि देमार चित्रपटास उंबऱ्याबाहेरची जागा, हा शिरस्ता मला अन्यायाचा वाटतो.

या परंपरेचा उगम शोधू गेल्यास कोल्हापूर गाठावे लागते. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी केलेले मास्टर विठ्ठल मूकपटांच्या अखेरच्या काळात शारदा फिल्म कंपनीच्या साहसपटांतून असे गाजले, की लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. आणि सागर कंपनीने त्यांना आपल्याकडे ओढताच प्रकरण कोर्टात गेले, तेव्हा त्यांची वकिली बॅरिस्टर जीनांनी केली. तलवार फिरविणाऱ्या नटासाठी एवढा मातब्बर वकील उभा राहतो, यावरून त्याच्या बाजारमोलाची अटकळ करावी. १९३१ च्या ‘आलम आरा’चे नायकही तेच, मात्र बोलपटाने मनगटाऐवजी जिभेची परीक्षा मांडली, आणि ते पूर्वीचे तेज पुन्हा तसे दिसले नाही.

जी जागा अशी रिकामी झाली, ती एका स्त्रीने घेतली. जहाजबांधणीत नाव मिळविलेल्या पारशी घराण्यातील जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंनी १९३३ मध्ये परळच्या लवजी कॅसलमध्ये आपला कारखाना थाटला, आणि १९०८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेल्या, पेशावरकडे घोडदौड शिकलेल्या, सर्कशीत अंग मुरविलेल्या मेरी इव्हान्स हिला ‘नाडिया’ या नावाने १९३५ च्या ‘हंटरवाली’त नायिका केले. राजाला कैदेत टाकून राज्य बळकावणाऱ्या वजिरास त्याच राजाची मुलगी मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन वठणीवर आणते, एवढेच कथानक. वितरकांनी त्याला हात लावण्याचे नाकारले, आणि अखेर तोच चित्रपट पंचवीस आठवड्यांवर चालला.

यात काय होते, असे कोणी विचारील. यात खोटेपणा नव्हता. झुंबराला लोंबकळणारी, धडधाकट पुरुषास खांद्यावर उचलून भिरकावणारी, ‘जंगल प्रिन्सेस’मध्ये सिंहांच्या सहवासात वावरणारी नाडिया ही स्वतः नाडियाच होती, आणि स्वस्त तिकिटाच्या बाकांवरील प्रेक्षकास, ज्याचा सारा दिवस अंगमेहनतीत जाई, त्या देहाच्या सच्चेपणाची पारख पंडितांहून अधिक होती. शिवाय गुलामीच्या त्या काळात जुलमी अधिकाऱ्याच्या पाठीवर पडणारा फटका प्रेक्षक कोणाच्या नावे मोजत असेल, हे सांगावयास नको. १९४० च्या ‘डायमंड क्वीन’मध्ये तर साक्षरतेचा आणि स्त्रीस्वातंत्र्याचा पुरस्कार तीच मुक्त कंठाने करते.

पुढे भगवानदादांसारख्या मराठी नटाने हा वसा स्वस्तातल्या स्टंटपटांतून चालविला. परंतु वारशाचा खरा हिशेब मांडावयाचा तर १९७५ च्या ‘शोले’कडे पाहावे. त्यातील आगगाडीवरील चकमक पनवेलच्या बाजूस रेल्वेमार्गावर चित्रित झाली, आणि ती पाहताना ‘मिस फ्रंटियर मेल’चा टप आठवल्यावाचून राहत नाही, केवळ त्यावर आता पुरुषच उभे आहेत. डाकूंपासून पळणारा बसंतीचा टांगा मात्र एका स्त्रीनेच उधळला होता. नायिकेऐवजी ते धाडस करणाऱ्या, आणि टांगा उलटून जखमी झालेल्या रेश्मा पठाण यांचे नाव सामान्य प्रेक्षकाच्या ओठी यावयास पुढे कित्येक वर्षे लागली. ‘शोले’च्या चाळीस वर्षे आधी परळात असे काम करणारीचे नाव चित्रपटाच्या जाहिरातीवर सर्वांत ठळक छापले जात असे.