काराकुम ओलांडणारी आगगाडी

कास्पियन समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर उतरणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न पाण्याचा असे. समोर अथांग समुद्र, पण त्यातला घोटही पिण्याजोगा नाही. आणि पाठीमागे काराकुमचे वाळवंट. 1880 साली रशियन लष्कराने या किनाऱ्यावरून रेल्वे टाकायला घेतली, तेव्हा रुळांच्या जोडीने समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडे पाणी काढणारी यंत्रेही बसवावी लागली. ते पाणी टाक्यांच्या डब्यांत भरून कामाच्या जागेपर्यंत जाई. ट्रान्स-कास्पियन रेल्वे या नावाने पुढे जगभर गाजलेल्या या मार्गाची गोष्ट सेनापतींच्या नावाने सांगितली जाते. माझ्या मते ती पाणी, खनिज तेल आणि वाळवंटातली झुडपे यांच्या नावानेही सांगायला हवी.

रेल्वेची गरज निर्माण झाली ती एका पराभवातून. 1879 साली गोक-तेपे येथील तेक्के तुर्कमेनांच्या किल्ल्यावर चालून गेलेल्या रशियन फौजेला हार खाऊन परतावे लागले. हजारो उंट वाटेतच मेले आणि रसदीचा कणा मोडला. पुढच्या मोहिमेची सूत्रे जनरल स्कोबेलेव्हकडे आली आणि वाहतुकीची जबाबदारी जनरल मिखाईल अनेन्कोव्हकडे. रशिया-तुर्की युद्धासाठी घेतलेले सुमारे 160 किलोमीटर लांबीचे रूळ बेंदेर येथे पडून होते. ते अनेन्कोव्हने उचलून कास्पियनपार आणले. तरीही हे युद्ध रेल्वेने जिंकले असे म्हणता येणार नाही. जानेवारी 1881 मध्ये गोक-तेपे पडले तेव्हा रूळ बरेच मागे होते आणि बहुतेक ओझे उंटांनीच वाहिले होते. किल्ल्यात आणि नंतरच्या पाठलागात मिळून सुमारे 15 हजार तुर्कमेन मारले गेले. त्यांत बायकामुलेही होती. या रेल्वेचे कौतुक करताना तिच्या पायाशी झालेली ही कत्तल विसरता कामा नये. त्याच वर्षाच्या अखेरीस गाडी किझिल-आर्वातला पोहोचली आणि काम तिथेच थांबले.

ते पुन्हा सुरू झाले 1885 मध्ये. पूर्वेकडचे मर्व्ह आदल्या वर्षीच रशियाच्या ताब्यात आले होते. 30 मार्च 1885 रोजी अफगाण सरहद्दीवरच्या पंजदेह येथे रशियन फौजेने अफगाण सैन्याचा पराभव केला. त्या वेळी अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान व्हाइसरॉय डफरिनच्या भेटीसाठी रावळपिंडीत होता. लंडनमध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने पार्लमेंटकडे 1 कोटी 10 लाख पौंड मागितले. अफगाणिस्तानातले हेरात पडले तर कंदाहार आणि कंदाहार पडले तर हिंदुस्थान, अशी भीती इंग्रजांच्या मनात घर करून होती. युद्ध टळले, पण झारने मर्व्हमार्गे अमुदर्या नदीकडे रूळ नेण्याचा हुकूम दिला.

आता अनेन्कोव्हची खरी कसोटी होती. त्याने कामासाठी एक फिरती वसाहतच उभी केली. दुमजली डब्यांची एक लांबलचक गाडी नेहमी रुळांच्या टोकाशी उभी असे. तिच्यात अधिकारी आणि सैनिकांची राहण्याची सोय, स्वयंपाकघर, लोहारकाम, तारयंत्र आणि दवाखाना होता. मागून रूळ, स्लीपर आणि पाणी घेऊन सामानाची गाडी येई. माल उतरला की रेल्वे पलटणीचे जवान स्लीपर मांडून त्यांवर रूळ ठोकत आणि काम दोन पाळ्यांत चाले. भरावाची माती त्यांच्याही पुढे जाऊन टाकून ठेवलेली असे. ते काम तुर्कमेन, इराणी आणि बुखाऱ्याकडच्या मजुरांचे होते. रूळ टाकून झाला की राहती गाडी त्याच रुळावरून पुढे सरके. चांगल्या दिवशी सहा किलोमीटरच्या आसपास मार्ग तयार होई. एकेक स्लीपर व्होल्गा नदीतून आणि कास्पियन समुद्रावरून आणलेला, हे लक्षात घेतले की या वेगाचे मोल कळते.

इंजिनात काय जाळायचे हा प्रश्नही सोपा नव्हता. जवळपास कोळसा नाही की जंगल नाही. पण समुद्रापलीकडे बाकू होते. तिथे कच्च्या तेलातून रॉकेल काढल्यावर दाट, काळपट गाळ उरे. इंजिने हाच गाळ जाळत. नोबेल बंधूंचे ‘झोरोआस्टर’ हे तेलवाहू जहाज 1878 पासून कास्पियनमध्ये फिरत होते, म्हणजे तेल समुद्रापार नेण्याची रीतही तिथे रुळलेली होती.

डिसेंबर 1885 मध्ये अश्गाबात, 1886 च्या उन्हाळ्यात मर्व्ह आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमुदर्याच्या काठावरचे चार्जुई, अशी गाडी पुढे सरकत गेली. यातला सर्वांत अवघड भाग मर्व्हपासून चार्जुईपर्यंतचा. इथली वाळू मोकळी. वाऱ्याने चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या तयार होतात आणि वाऱ्याबरोबर त्या पुढे सरकतात. एका वादळात रूळ गाडले जात. उलट दिशेचा वारा सुटला की स्लीपरखालची वाळू निघून जाई आणि रूळ अधांतरी लोंबकळत. भरावावर चिकणमातीचा थर देऊन पाहिला, किनाऱ्याजवळ समुद्राचे खारे पाणी शिंपडून वरचा थर घट्ट करून पाहिला, जुने स्लीपर आणि फांद्यांचे जुडगे रोवून कुंपणेही घातली.

टिकाऊ उपाय मात्र वाळवंटातच उगवत होता. साक्सौल नावाचे एक वेडेवाकडे झुडूप काराकुममध्ये वाढते. त्याला पाने म्हणावीत अशी पाने नसतात. हिरव्या कोवळ्या काड्याच पानांचे काम करतात आणि त्यामुळे पाणी फारसे उडून जात नाही. मुळे दहा मीटरहून खोल जातात आणि वाळू धरून ठेवतात. लाकूड इतके जड की पाण्यात बुडते, आणि जळते उत्तम. हा गुणच त्याच्या मुळावर आला, कारण नव्या वस्त्यांनी जळणासाठी साक्सौल तोडला की बांधलेली वाळू मोकळी होई. म्हणून मार्गाच्या कडेने साक्सौल आणि वाळूत तग धरणाऱ्या इतर वनस्पतींची लागवड करण्याकडे रेल्वेला वळावे लागले. याच मार्गावरच्या रेपेतेक येथे 1912 साली सरकत्या वाळूचा अभ्यास करणारे केंद्र सुरू झाले. आज तो सगळा परिसर संरक्षित जैवावरण क्षेत्र आहे. लष्करी घाईतून जन्मलेल्या मार्गाने वाळवंटाच्या विज्ञानाला असा हातभार लावला, हे मला पंजदेहच्या चकमकीपेक्षा मोठे वाटते.

अमुदर्या हा दुसरा मोठा अडसर. ही नदी काठ खाते, पात्र बदलते आणि गाळ वाहून आणते. लोखंडी पुलासाठी वेळही नव्हता आणि पैसाही. मग बाहेरून आणलेल्या लाकडाच्या खांबांवर दोन किलोमीटरच्या आसपास लांबीचा पूल काही महिन्यांत उभा केला आणि जानेवारी 1888 मध्ये त्यावरून गाडी गेली. पूल करकरत असे, म्हणून गाडी अगदी सावकाश नेत. आगीची धास्ती तर कायमची होती. 1901 मध्ये पोलादी पूल झाला तेव्हा कुठे ही चिंता मिटली. बुखाऱ्यात गाडीकडे संशयानेच पाहिले जाई, म्हणून स्टेशन शहरापासून सुमारे 12 किलोमीटर दूर कागान येथे ठेवले. पुढे बुखाऱ्याच्या अमिरानेच शहरापर्यंत फाटा टाकून घेतला. मे 1888 मध्ये गाडी समरकंदला पोहोचली. एकूण लांबी 1,400 किलोमीटरच्या वर.

त्याच वर्षी 29 वर्षांचा एक इंग्रज खासदार या गाडीने समरकंदला गेला आणि पुढच्या वर्षी त्याने या प्रवासावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तो जॉर्ज कर्झन. दहा वर्षांनी तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला, तेव्हा रशियाबद्दलची त्याची मते याच प्रवासात पक्की झालेली होती.

इंग्रजही स्वस्थ बसले नव्हते. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या सिंधमधील रुकपासून सिबीपर्यंत उजाड मैदानातून 215 किलोमीटरचा मार्ग त्यांनी 1879-80 मध्ये 101 दिवसांत टाकला. ग्लॅडस्टनच्या सरकारने पुढचे काम बंद पाडले. 1883 मध्ये ते ‘हरनाई रस्ता सुधारणा’ या नावाआड पुन्हा सुरू झाले आणि पंजदेहनंतर हा आडपडदाही गळून पडला. 1887 मध्ये क्वेट्टा, पुढे खोजकच्या डोंगरातून जवळपास चार किलोमीटरचा बोगदा आणि 1892 मध्ये सरहद्दीवरचे चमन. उत्तरेकडून रशियनांनी मर्व्हपासून कुश्कापर्यंत फाटा आणला. कुश्का आणि चमन यांच्यामधला अफगाण पट्टा ओलांडून रूळ आजही जुळलेले नाहीत. जुळले असते तरी डबे सरळ पुढे गेले नसते, कारण रशियन गेज 1,524 मिलिमीटरचे आणि हिंदी ब्रॉडगेज 1,676 चे.

ज्या फौजांच्या चढाईची भीती होती त्या कधी आल्याच नाहीत. मार्गावरून प्रत्यक्षात गेला तो कापूस. अमेरिकन वाणाची लागवड तुर्कस्तानात झपाट्याने वाढली, सरकी काढलेला कापूस रशियातल्या गिरण्यांकडे गेला आणि उलट दिशेने धान्य आले. शेतकरी स्वतःच्या भाकरीसाठी दूरच्या गव्हावर अवलंबून राहू लागला. साम्राज्याचे हे आक्रमण बंदुकीविना झाले आणि ते अधिक खोल गेले.

1918 मध्ये मात्र सारा क्रम उलटला: हिंदुस्थानचीच फौज या मार्गावर आली. अश्गाबातमध्ये बोल्शेविकांविरुद्ध बंड झाले आणि इराणातल्या मशहदमध्ये असलेल्या ब्रिटिश जनरल मॅलेसनने बंडवाल्यांच्या मदतीला हिंदी फौज धाडली. 19वी पंजाबी पलटण आणि 28वे लाइट कॅव्हलरी याच रुळांलगत लढले. दोन्ही बाजूंनी चिलखती गाड्या होत्या आणि लढाया स्टेशनांच्या आसपासच होत, कारण पाणी तिथेच होते. ऑक्टोबरमध्ये दुशाक येथे पंजाबी पलटणीची मोठी हानी झाली. जानेवारी 1919 मध्ये हे जवान पुन्हा लढले, मर्व्हच्या पूर्वेला असलेल्या, रेल्वे बांधणाऱ्या जनरलचेच नाव दिलेल्या अनेन्कोव्हो स्टेशनवर. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत हिंदी फौज इराणात परतली आणि वर्षभरात संपूर्ण मार्ग बोल्शेविकांच्या हाती गेला.