पेटी आपली की परकी?

भजनात पेटी वाजते. वरातीत बँड वाजतो. उरुसाला कव्वाली होते. ही सारी आली कुठून, ते आज पाहू.

आपल्या चिकलठाण्याहून पैठण काही फार लांब नाही. तेथे सोळाव्या शतकात एकनाथ महाराज झाले. वासुदेव, जोशी, गोंधळी अशी दारोदार फिरणारी माणसे नाथांनी आपल्या भारुडांत आणली. भारूड इथल्याच मातीतले.

कव्वाली उत्तरेकडून आली. दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब चौदाव्या शतकात इकडे आले. खुलताबादेला त्यांचा दर्गा आहे. ‘कव्वाली’ हा शब्द अरबी ‘कौल’पासून झाला. आपण देवाला कौल लावतो ना, तोच हा कौल!

बँड इंग्रजांच्या पलटणीतून आला.

आता पेटी. जुनी मंडळी आम्हांला म्हणतात, “गुरुजी, भजनात विलायती पेटी कशाला? टाळ-मृदंग पुरे.” पेटी विलायती, हे खरे. ती १८४२ च्या सुमारास फ्रान्स देशात निघाली. तिचा भाता पायाने हलवीत. खुर्चीवर बसून वाजवायची, असा सगळा थाट. आपण पडलो बैठक मारणारे! मग कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी केली. तीच देशभर पसरली.

पेटीचे सूर पट्टीपट्टीला बांधलेले. गवई एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकतो, त्याला मींड म्हणतात. ती पेटीला साधत नाही. म्हणून १९४० साली रेडिओने पेटीला बंदी केली. ती १९७१ साली सैल झाली.

तक्रार खोटी नव्हती. पण खेड्यातल्या भजनाला कोणी सूर धरून ठेवणारे लागते. घरोघर तंबोरा कुठला? पडसे झालेल्या बुवांनाही पेटी सांभाळून घेते. आमच्या मते ती राहू द्या.

आम्हांला खटकते ते निराळेच. हलगी पक्की इथली. तरी हलगीवाला पुष्कळ गावांत मांडवाबाहेर उन्हात उभा असे. पेटीवाला मात्र आत, गादीवर! असे का, हे जुन्या मंडळींनी आम्हांला सांगावे. हलगीवाल्याचे काम काय सोपे असते? हलगीला चामडे असते. गारठ्यात ते सैल पडते, आवाज बसतो. म्हणून तो आधी काटक्यांचा जाळ करतो, हलगी शेकतो, बोटाने टिचकी मारून पाहतो. चामडे ताणले, की मगच काडी हातात घेतो.