पीएचपीचा अतिसमजूतदारपणा

२४०६१०७०८ ही एक संख्या, आणि 'क्यूएनकेसीडीझेडओ' ही सात इंग्रजी अक्षरांची निरर्थक जुडी. दोघांचा काडीचाही संबंध नाही. एमडी५ पद्धतीने दोघांचे बत्तीस अक्षरी हॅश, म्हणजे मजकुराचे ठसे, काढले, तर तेही वेगवेगळेच निघतात. पण पीएचपी या संगणकभाषेला दोन बरोबर चिन्हे (==) वापरून विचारा, हे हॅश सारखे आहेत का? ती बिनदिक्कत सांगते, 'हो!'

मेख पहिल्या दोन खुणांत आहे. दोन्ही हॅशची सुरुवात शून्य आणि त्यामागे इंग्रजी 'ई' अशी होते, आणि योगायोग असा की पुढे दोन्हींत नुसते आकडेच येतात. प्रचंड मोठी संख्या थोडक्यात लिहिताना 'ई' म्हणजे 'गुणिले दहाचा अमुक घात'. पीएचपी दोन्ही मजकूर तसेच वाचते. शून्याला दहाच्या कितव्याही घाताने गुणा, उत्तर शून्यच. शून्य बरोबर शून्य! लॉगिनच्या कोडमध्ये अशी तुलना असेल, तर पहिला पासवर्ड ठेवणाऱ्याच्या खात्यात दुसरा टाइप करून कुणीही शिरेल.

भाषेला ही खोड लागली ती वेबमुळे. रासमस लेर्डॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी काही साधने लिहिली आणि १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. फॉर्ममध्ये भरलेले वय असो वा किंमत, सर्व्हरवर सगळे मजकूर म्हणूनच पोहोचते. मग आकड्यांसारख्या दिसणाऱ्या मजकुराला भाषेनेच संख्या मानले, तर नवख्याची सोय होते. (देवनागरी आकड्यांवर मात्र ही मेहेरबानी नाही. '२५' असे वय भरले आणि कोडने त्याचा पूर्णांक करायचा ठरवला, तर हाती शून्य येते.) नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ ने हा समजूतदारपणा थोडा आवरला. त्याआधी शून्य ही संख्या आणि 'पुणे' हा शब्दही == ला सारखेच वाटत! हॅशचा घोटाळा मात्र नव्या आवृत्तीतही तसाच आहे.

उपाय एका चिन्हाचा: ===. मग प्रकारही जुळावा लागतो आणि मजकूर मजकूरच राहतो. पासवर्डसाठी तर एमडी५ नकोच. पासवर्ड_हॅश आणि पासवर्ड_व्हेरिफाय ही फंक्शन्स २०१३ पासून भाषेतच आहेत.

मजकुरात शब्द शोधणाऱ्या स्ट्रपॉस या फंक्शनची फसगत याच घरातली. शब्द वाक्याच्या अगदी सुरुवातीला सापडला की ते जागा सांगते शून्य, आणि 'इफ' शून्याला 'नाही' समजते. तिथे !== वापरून उत्तर 'फॉल्स' नाही ना, एवढेच तपासावे.

आता आपल्या लिपीकडे या. 'मराठी' या शब्दाची लांबी किती? स्ट्रलेन म्हणते १५, एमबी_स्ट्रलेन म्हणते ५, ग्राफीम_स्ट्रलेन म्हणते ३. तिन्ही खरी आहेत! यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. स्ट्रलेन बाइट मोजते. एमबी वाले काना आणि वेलांटी सुट्या धरते: म, र, काना, ठ, वेलांटी. डोळ्यांना दिसणारी म, रा, ठी ही अक्षरे फक्त तिसऱ्याला कळतात. सबस्ट्रने पहिले चार बाइट कापले, तर 'म' पूर्ण येतो आणि 'र'चा एक तृतीयांश तुकडा मागे लोंबकळतो. असा मजकूर जेसन रूपात बदलायला जेसन_एनकोडला दिला, की ते नेहमीच्या सेटिंगमध्ये थेट 'फॉल्स' परत करते. एमबी_सबस्ट्रने चार खुणा कापल्या, तर काहीच मोडत नाही. फक्त 'मराठी'चे 'मराठ' होते. मला ही चूक जास्त धोकादायक वाटते, कारण ती चूक दिसतच नाही.

तेव्हा नावाच्या रकान्याला लांबीची मर्यादा घालाल, तेव्हा चाचणी इंग्रजी नावावर उरकू नका. काना-मात्रा-वेलांट्यांनी भरलेले एखादे लांबलचक आडनाव टाकून बघा.