नकोशी झालेली सोय : पन्नी

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून 2023 मध्ये वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, लोधीखेडा-सौंसरच्या मराठीभाषक पट्ट्यात, प्लास्टिकच्या पातळ पिशवीला ‘पन्नी’ म्हणतात. सोय म्हणून घरोघर शिरलेली ही वस्तू उद्या नाहीशी झाली, तरी फारसे कोणी हळहळणार नाही. तिची आजची रचना 1960च्या दशकात स्वीडनमधील स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी केली, ती हलकी, मजबूत आणि पुन्हा वापरता येण्याजोगी होती. प्रत्यक्षात मात्र भाजी घरी येताच पिशवी फेकली जाऊ लागली. शिळ्या अन्नासह गाठ मारून टाकलेली पन्नी गाय अख्खी गिळते आणि ती कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या जठराच्या पहिल्या कप्प्यात, न पचता साठत जाते. मध्य प्रदेशाने 2017 मध्ये अशा पिशव्यांवर बंदी घातली, तर 31 डिसेंबर 2022 पासून देशभर 120 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशव्या निषिद्ध ठरल्या. तरीही पन्नी टिकून आहे, कारण ग्राहकाला ती फुकट मिळते आणि तिची किंमत गुरांना मोजावी लागते. म्हणूनच कायद्याइतकीच गरज आहे ती बाजाराला निघताना खुंटीवरची कापडी थैली काढून घेण्याच्या जुन्या सवयीची.