पाठलाग संपल्यानंतरचा मुद्देमाल

१९७२ सालच्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या मुद्देमाल कचेरीत हेरॉइनच्या जुन्या पिशव्या तपासायला घेतल्या, तेव्हा काही पिशव्यांत किडे सापडले. पिठाला लागतात तसले किडे. हेरॉइनला अशी कीड लागत नाही. पिशव्या उघडून पाहिल्या तर आत पीठ आणि कॉर्नस्टार्च भरलेले. मूळ माल केव्हाच नाहीसा झाला होता. त्यातला बराचसा माल दहा वर्षांपूर्वी पकडलेला, जगभर गाजलेल्या ‘फ्रेंच कनेक्शन’ खटल्यातला होता. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये या खटल्यावर बेतलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले होते.

अमली पदार्थांच्या टोळ्यांशी झुंजणाऱ्या पोलिसांचे थरारपट आज आपण घरबसल्या आठवड्याला एक या गतीने पाहतो. रात्रीची पाळत, खबऱ्याची कुजबुज, मोटारींचा पाठलाग, शेवटी पकडलेली खेप. या साऱ्याचा साचा बऱ्याच अंशी ‘द फ्रेंच कनेक्शन’ने घालून दिला. त्यामागची खरी हकिकत मात्र खेप पकडून संपत नाही. ती तिथून पुढे जास्त गंभीर होत जाते.

१९६१ च्या ऑक्टोबरमध्ये एडी ईगन आणि सनी ग्रोसो हे अमली पदार्थविरोधी पथकातले दोन डिटेक्टिव्ह ड्यूटी संपवून कोपाकबाना या नाइट क्लबमध्ये गेले होते. एका टेबलावर पॅट्सी फूका नावाचा माणूस नामचीन गुंडांच्या घोळक्यात सढळ हाताने पैसे उधळत होता. एवढ्या पैशाचा हा धनी कोण, या कुतूहलापोटी दोघे त्याच्या मागावर निघाले. पहाटे तो ब्रुकलिनमधल्या एका छोट्या खानावळीपाशी पोचला आणि तिथे कामाला लागला. ती खानावळ तोच चालवत होता. खानावळीच्या कमाईत कोपाकबानातली रात्र परवडणार नाही, एवढा साधा हिशेब दोघांनी केला. पुढचे काही महिने त्यांनी फूकाची पाठ सोडली नाही.

धागा थेट फ्रान्सपर्यंत गेला. तुर्कस्तानात पिकलेल्या अफूपासून काढलेला मॉर्फिनचा कच्चा माल समुद्रमार्गे मार्सेय बंदराच्या परिसरात येई. तिथल्या गुप्त प्रयोगशाळांत त्याचे अतिशय शुद्ध हेरॉइन बने आणि कॉर्सिकन टोळ्या ते अमेरिकेत पाठवत. १९६२ च्या जानेवारीत झाक अँजेल्व्हॅं हा फ्रेंच दूरचित्रवाणीवरचा लोकप्रिय निवेदक आपली ब्यूक मोटार जहाजावर चढवून न्यूयॉर्कला उतरला. मोटारीच्या सांगाड्यातल्या पोकळ्यांत हेरॉइन दडवलेले होते. अटका झाल्या, सुमारे पन्नास किलो माल हाती लागला. सूत्रधार समजला जाणारा झाँ जेहान मात्र निसटला आणि अमेरिकन तुरुंगात कधीच गेला नाही.

रॉबिन मूर यांनी १९६९ मध्ये या तपासावर पुस्तक लिहिले आणि विल्यम फ्रीडकिन यांनी १९७१ मध्ये चित्रपट केला. ब्रुकलिनमधल्या पुलावरून धावणारी रेल्वे आणि पुलाच्या खांबांमधून तिच्या मागे बेभान सुटलेली मोटार हे दृश्य लोकांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिले. त्याचा काही भाग चालू रहदारीत, रस्ता पूर्ण मोकळा न करता चित्रित झाला होता. आज कुठलाही जबाबदार निर्माता ती जोखीम घेणार नाही, आणि घेऊही नये. खऱ्या तपासात असा पाठलाग झालाच नव्हता.

माझ्या मते चित्रपटातले सर्वांत खरे दृश्य वेगळे आहे. फ्रेंच तस्कर उंची रेस्तराँमध्ये काचेआड निवांत जेवतो आहे. समोरच्या फुटपाथवर कडाक्याच्या थंडीत जीन हॅकमनने साकारलेला, ईगनवर बेतलेला डिटेक्टिव्ह पोपाय डॉयल पिझ्झाचा तुकडा चावत, बेचव कॉफी घशाखाली ढकलत उभा आहे. संवाद जवळजवळ नाहीतच. पाळत ठेवणे म्हणजे काय, हे त्या दोन मिनिटांत कळते. आणि आणखी एक गोष्ट जाणवते. काचेच्या आतला माणूस एका खेपेत जेवढे कमावतो, तेवढे बाहेरच्या माणसाला जन्मभराच्या पगारात मिळणार नाही. या व्यवसायातला खरा धोका त्या काचेच्या दोन बाजूंमध्येच उभा आहे. फ्रीडकिन तो दाखवतात आणि त्यावर काही न बोलता पुढे जातात.

खऱ्या ईगन आणि ग्रोसो यांनी या चित्रपटात लहान भूमिकाही केल्या. ईगन तर आपल्याच पात्राच्या साहेबाच्या भूमिकेत दिसतो. हॅकमन त्याच्याबरोबर गस्तीला फिरले होते. त्याची कृष्णवर्णीयांशी वागण्याची तऱ्हा पाहून ते अस्वस्थ झाले आणि ही भूमिका आपल्याला पेलेल का, अशी शंका त्यांना आली होती. चित्रपटाने तो वंशद्वेष लपवला नाही, हे त्याचे मोठेपण.

१९७१ च्या अखेरीस, चित्रपट गर्दी खेचत असतानाच, ईगनला निवृत्तीच्या तोंडावर बडतर्फ करण्यात आले. न्यायालयात हजर न राहणे हा एक आरोप होता आणि जप्त केलेला माल व शस्त्रे वेळेवर मुद्देमाल कचेरीत जमा न करणे हा दुसरा. पुढे न्यायालयात दाद मागून त्याने निवृत्तिवेतन परत मिळवले आणि तो पूर्णवेळ अभिनयाकडे वळला. १९७३ मध्ये त्याच्याच आयुष्यावर आधारलेला ‘बॅज ३७३’ आला. त्यात रॉबर्ट डुव्हाल यांनी निलंबित पोलिसाची भूमिका केली आहे. बिल्ला हातातून गेलेला तो माणूस टोळीशी एकटा लढतो. माजी पोलिसांच्या थरारपटांचा जो प्रकार पुढे फोफावला, त्याचे हे एक ठळक सुरुवातीचे उदाहरण. नियम आड येतात, वरिष्ठ आड येतात, बिल्ला गेला की नायक मोकळा होतो, असे हे चित्रपट प्रेक्षकाच्या मनावर ठसवतात. हे मला घातक वाटते. ईगनच्या बडतर्फीतला जप्त मालाचा आरोप क्षुल्लक कागदपत्रांचा नव्हता. माल पकडल्याक्षणापासून तो कुणाच्या ताब्यात होता याची अखंड नोंद नसेल, तर आरोपी सुटतो, किंवा माल सुटतो.

न्यूयॉर्कमध्ये माल सुटला. फ्रेंच कनेक्शन खटल्यातला सुमारे २६ किलो माल गायब झाल्याचे आधी उघड झाले. पुढे मोजदाद वाढत गेली आणि हेरॉइन व कोकेन मिळून आकडा १८० किलोच्या आसपास पोचला. १९६९ ते १९७२ या काळात कुणीतरी राजरोस येऊन, डिटेक्टिव्हच्या नावाने नोंदवहीत सही करून, पुरावा न्यायालयात न्यायचा आहे असे भासवून पिशव्या नेत होते आणि बदली भुकटी भरून परत ठेवत होते. दार फोडले नाही, कुलूप तोडले नाही. पोलिसांनी थंडीत उभे राहून पकडलेले विष पोलिसांच्याच कोठारातून शहराच्या गल्ल्यांत परतले. या चोरीचा पूर्ण उलगडा आजवर झालेला नाही.

त्या काळातल्या न्यूयॉर्क पोलीस दलाची अवस्था आधीच चव्हाट्यावर आली होती. फ्रँक सर्पिको या अधिकाऱ्याने हप्तेबाजीविरुद्ध तोंड उघडले. १९७० मध्ये त्याच्या चौकशीसाठी नॅप आयोग नेमला गेला. १९७१ च्या फेब्रुवारीत एका अमली पदार्थांच्या छाप्यात सर्पिकोच्या चेहऱ्यावर गोळी लागली, तो बचावला आणि आयोगापुढे साक्ष देऊन दल सोडून गेला. बड्या तस्करांना पकडण्यासाठी असलेल्या खास पथकातला रॉबर्ट ल्यूसी सरकारपक्षाला मिळाला, तेव्हा त्या पथकातल्या सत्तरेक जणांपैकी ५२ जणांवर आरोप ठेवले गेले. सिडनी ल्युमेट यांनी या दोघांवरही चित्रपट केले, १९७३ मध्ये ‘सर्पिको’ आणि १९८१ मध्ये ‘प्रिन्स ऑफ द सिटी’. दुसरा फारसा पाहिला गेला नाही. त्यात पाठलाग नाही. आपल्याच मित्रांविरुद्ध जबानी देणारा एक माणूस हळूहळू आतून ढासळताना दिसतो. तस्करीविरोधी पोलिसांवर याहून प्रामाणिक चित्रपट मी पाहिलेला नाही.

मार्सेयची वाट पुढे मोडली, पण ती कुणा एका शूर डिटेक्टिव्हमुळे नाही. तुर्कस्तानाने १९७१ मध्ये अफूच्या लागवडीवर बंदी जाहीर केली आणि फ्रेंच पोलिसांनी प्रयोगशाळा एकामागून एक बंद पाडल्या. व्यापार मात्र मेला नाही. तो आग्नेय आशिया आणि मेक्सिकोकडे सरकला. मार्सेयमध्येच १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये या टोळ्यांच्या मागावर असलेल्या प्येर मिशेल या तपास न्यायाधीशाची भररस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली.

मुद्देमालाचा प्रश्न आपल्याकडेही तितकाच जिवंत आहे. अमली पदार्थांविषयीचा आपला कायदा १९८५ चा. जप्त माल खटला संपेपर्यंत साठवून ठेवला तर चोरीचा धोका वाढतो, हे ओळखून १९८९ मध्ये त्यात कलम ५२ अ घालण्यात आले. पकडलेल्या मालाची यादी करायची, दंडाधिकाऱ्यांकडून ती प्रमाणित करून घ्यायची, त्यांच्यासमोर नमुने काढायचे, छायाचित्रे घ्यायची. मग यादी, छायाचित्रे आणि नमुने हाच न्यायालयात मूळ पुरावा ठरतो आणि बाकीचा साठा निकालाची वाट न पाहता नष्ट करता येतो. तरतूद कागदावर चोख होती. तरी २०१६ मध्ये ‘भारत सरकार विरुद्ध मोहनलाल’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला राज्याराज्यांतून माहिती मागवून पाहावे लागले, आणि जप्त माल वर्षानुवर्षे पडून राहतो, तो चोरीला जाऊन पुन्हा बाजारात येण्याचा धोका खरा आहे, असे नमूद करावे लागले. मजबूत तिजोऱ्या आणि दुहेरी कुलपांची कोठारे उभारा, जप्तीनंतर विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जा, असे आदेश न्यायालयाने दिले.

छाप्याची बातमी वाचताना आपण किती किलो आणि किती कोटी एवढेच बघतो. टेबलावर मांडलेल्या पुड्या आणि मागे ओळीने उभे अधिकारी, असे छायाचित्र बातमीसोबत असते. त्या पुड्यांची यादी दंडाधिकाऱ्यांपुढे केव्हा गेली, नमुने कुणासमोर निघाले, उरलेला माल कोणत्या तारखेला जाळला, हे वार्ताहरांनीही विचारायला हवे आणि पोलिसांनीही आपणहून सांगायला हवे.