ऑनलाइन किरकोळ विक्रीतील किंमतनिश्चिती

खरेदीच्या किंमतीवर ठराविक टक्के चढवून विक्रीची किंमत ठरविण्याचा प्रघात किरकोळ व्यापारात जुना आहे. दुकानाचे भाडे व नोकरांचा पगार हे खर्च विक्री कमी झाली वा अधिक झाली तरी सहसा तेच राहतात. म्हणून पेठेतील दुकानदारास हा ठोकताळा पुरत असे. ऑनलाइन दुकानात मात्र खर्चाचा मोठा भाग प्रत्येक पार्सलामागे नव्याने करावा लागतो. त्यामुळे तोच ठोकताळा येथे फसवा ठरतो.

सोलापुरी चादर विकणाऱ्या एका लहान ऑनलाइन दुकानाचे कल्पित उदाहरण घेऊ. चादरीची करविरहित खरेदी ४०० रुपये. तीवर ५० टक्के चढवून ६०० रुपये दर ठरविला. वस्तू व सेवा कर ५ टक्के धरल्यास ग्राहकास ६३० रुपये पडतात. प्रथमदर्शनी नफा २०० रुपयांचा दिसतो. तथापि खरेदीवरील हे ५० टक्के म्हणजे विक्रीवरील केवळ ३३⅓ टक्के होत, आणि पुढील सर्व खर्च त्यांतूनच भागवावयाचे असतात. वेष्टनास २० रुपये, कुरिअरास ७० रुपये आणि ऑनलाइन भरण्याच्या सोयीबद्दल एकूण रकमेच्या २ टक्के, म्हणजे १२.६० रुपये, वजा जाता ९७.४० रुपये उरतात.

यापुढे परत येणाऱ्या मालाचा विचार करावा लागतो. वीस पार्सलांपैकी एक परत आले व चादर पुन्हा विकण्याजोगी असली, तरी वेष्टन, जाण्यायेण्याचे हशील व न मिळणारे भरणाशुल्क मिळून १७२.६० रुपये बुडतात. उरलेल्या एकोणीस पार्सलांचे १,८५०.६० रुपये, त्यांतून ही रक्कम वजा करून वीस पार्सलांवर सरासरी काढल्यास प्रत्येकी ८३.९० रुपये पडतात. दुकानदाराची मजुरी, जाहिरात व साठ्यात गुंतलेल्या भांडवलाचे व्याज यांतूनच निघावयाचे असते.

सुटीचा परिणाम याहून तीव्र होतो. ग्राहकास १० टक्के सूट देऊन किंमत ५६७ रुपये केली, तर सरासरी उरवण ८३.९० वरून २८.१६ रुपयांवर येते. पूर्वीइतकेच उत्पन्न राखण्यासाठी विक्री जवळजवळ तिप्पट व्हावी लागेल. सूट १५ टक्के झाली की उरवण अवघी २९ पैसे राहते. प्रतिस्पर्ध्यांची किंमत पाहून दर उतरविणारा दुकानदार विक्री वाढत असतानाही का बुडतो, याचे उत्तर या हिशेबात आहे. सुटीचा भार विणकराच्या दरावर ढकलला गेल्यास हीच तूट मागावर जाऊन पोहोचते.

किंमतीस कायद्याच्याही मर्यादा आहेत. आवेष्टित मालावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते. तिच्याहून अधिक घेता येत नाही, कमी घेता येते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनुसार एकूण किंमत तिच्या घटकांसह ग्राहकास दाखवावी लागते.

सारांश, किंमतनिश्चितीचा आरंभ खरेदीच्या किंमतीपासून न करता ग्राहकाच्या हाती माल पडेपर्यंतच्या संपूर्ण खर्चापासून केला पाहिजे. उपरोक्त उदाहरणात सुमारे ५३५ रुपये ही ना-नफा-ना-तोट्याची रेषा होय. ती प्रथम काढावी, तीवर आपल्या श्रमाचा मोबदला चढवावा, आणि मगच बाजारभावाशी तुलना करावी. बाजारभाव त्याखाली असेल, तर दर उतरविण्यापूर्वी खर्च उतरविण्याचे मार्ग शोधावेत. एका पार्सलातून दोन चादरी पाठविणे हा त्यांपैकी सर्वांत सोपा मार्ग होय. कारण दुसऱ्या चादरीमुळे हशील सहसा दुप्पट होत नाही.